परदेशी शिक्षणास निघण्यापूर्वी आरोग्याची तयारी

सर्जापूर रोड परिसरातील आपल्या घरातून मुलगा वा मुलगी परदेशी विद्यापीठात जाणार असेल, तर आरोग्याची तयारी शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. ती किमान तीन महिने आधी सुरू करावी.

लसीकरण : बालपणीचे लसीकरण कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवावे. गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन मात्रांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. इतर लसींबाबत विद्यापीठाची अट वाचावी.

औषधे : नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील सामानात ठेवावीत. चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नाव असावे. ते औषध त्या देशात नेण्यास परवानगी आहे का, हे आधी पाहावे.

क्षयरोग : ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहण्यासाठी भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्राचे क्षयरोग तपासणी प्रमाणपत्र लागते. व्हिसा अडेल या भीतीने खोकला लपवू नये. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. आज आहे, आणि पूर्ण उपचार घेतल्यास रोग बरा होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप किंवा वजनातील घट दिसल्यास जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जावे. तेथे तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. उपचारासाठी प्रवेश पुढील सत्रापर्यंत लांबवण्याची विनंती विद्यापीठास करता येते. गेलेले सत्र पुन्हा मिळते. दुर्लक्षिलेला आजार मात्र वाढतच जातो.