कीर्द, खतावणी आणि दहावीनंतरची वाट



दिवाळी उलटली की आपल्या नेरडीगोंड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गाचे रूप पालटते. निर्मलकडून येणाऱ्या आणि आदिलाबादेकडे जाणाऱ्या वाहनांत कापसाने फुगलेल्या गाड्यांची भर पडते. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लोंबू लागतात. कुंतलाचा धबधबा पाहावयास येणारे प्रवासी त्या गाड्यांची छायाचित्रे घेतात. परंतु प्रत्येक गाडी बाजारातून रिकामी परतते तेव्हा गाडीवानाच्या खिशात एक लहानसा कागद असतो, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो कागद म्हणजे हिशेबपट्टी. वजन, भाव, ओलावा, कपात आणि हाती येणारी रक्कम एवढाच मजकूर तीवर असतो. पण एका कुटुंबाचे अवघे वर्ष त्या चार-पाच ओळींत मावलेले असते. आजचा पाठ त्या कागदापासूनच सुरू करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील पाच एकरांत कापूस पिकवितात. कापूस विकून आल्यावर ते आनंदाने आमच्याकडे आले नि म्हणाले, "गुरुजी, सगळ्यांचे देणे फेडून एक लाख एकतीस हजार उरले. पोराला मोटारसायकल घेऊन देतो. त्याच्या मनात शिकायचे नाही असे दिसते." मुलगा मागे उभा होता. त्याच्या हाती शंभर पानी वही होती. आठवीत असताना गणिताच्या तासाला आम्ही प्रत्येकास घरखर्चाची वही लिहावयास सांगितली होती. वर्गातील बहुतेकांनी ती पंधरा दिवसांत सोडून दिली, ह्याने मात्र चालू ठेविली होती. आम्ही ती मागून घेतली आणि तिघेही ओट्यावर बसलो.

आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून ते येथे थोडे गोल करून देत आहोत. कापूस ३० क्विंटल झाला. भाव क्विंटलला ७,५०० रुपये. पण मालात ओलावा ११ टक्के निघाला. १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते ते ८ टक्के ओलावा गृहीत धरून. त्यावर चढणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असल्यास माल घेतलाच जात नाही. तेव्हा तीन टक्के कपात होऊन भाव ७,२७५ पडला व एकूण २,१८,२५० रुपये हाती आले. नुसत्या ओलाव्यापायी ६,७५० रुपये गेले. कापूस दोन-तीन उन्हे अधिक वाळविला असता तर वजनही थोडे घटले असते, हे खरे. म्हणून ही सारी रक्कम वाचली असती असे म्हणता येणार नाही. तथापि वाळविणे परवडते की नाही हा प्रश्न अंदाजाचा नसून हिशेबाचा आहे, हे तरी ध्यानात यावे.

आता खर्चाची बाजू. बियाणे ९,०००, खते ३५,०००, फवारणी २०,०००, नांगरट व वखरणी १८,०००, निंदणी-वेचणीची मजुरी ६०,०००, वाहतूक ६,०००. एकूण १,४८,००० रुपये. यांपैकी ८०,००० रुपये एका नातलगाकडून महिन्याला शेकडा एक रुपया व्याजाने घेतले होते. नऊ महिन्यांचे व्याज ७,२०० झाले. बाजारातून येताच त्यांनी ८७,२०० रुपये फेडले आणि उरलेल्या १,३१,०५० रुपयांस ते 'उरले' असे म्हणत होते. परंतु १,४८,००० पैकी ८०,००० उसनवारीचे, तर बाकीचे ६८,००० कोठून आले होते? ते त्यांच्याच गाठीचे, मागच्या वर्षीच्या शिलकेतले. ती रक्कम नफा नव्हे. ती शेतात घातलेले भांडवल परत आले एवढेच. ती वजा जाता खरी वाढ ६३,०५० रुपयांची.

येथेच थांबलो असतो तरी चालले असते. पण मुलाने वहीचे शेवटचे पान उलटले. आईवडील शेतात किती दिवस राबले, हेही त्याने लिहून ठेविले होते: दोघांचे मिळून २०० दिवस. हेच दिवस दुसऱ्याच्या शेतात घातले असते तर दिवसाला ३०० रुपयांप्रमाणे ६०,००० रुपये मिळाले असते. म्हणजे जमिनीने त्या वर्षी दिले ते ३,०५० रुपये. बाकीची त्यांची स्वतःचीच मजुरी. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलाला एवढेच विचारले, "हे तुला कोणी शिकविले?"

ह्या विद्येस वाणिज्यशास्त्रात लेखाकर्म म्हणतात, आणि आपल्याकडे ती नवी नाही. मराठी मुलखात जमाखर्चाची परंपरा जुनी आहे. पेशवेकालीन मोडी दप्तरांत रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, झडती हे शब्द पानोपानी येतात. दिवसाचा प्रत्येक व्यवहार घडला त्याच क्रमाने लिहिणे ती कीर्द. त्याच नोंदी माणसामाणसांच्या व बाबीबाबींच्या नावे वेगळ्या करून मांडणे ती खतावणी. सर्व खात्यांच्या शिलका एका कागदावर उतरवून दोन्ही बाजू जुळतात की नाही हे पाहणे ती तेरीज. आणि आपले काय आहे व आपण लोकांचे काय देणे लागतो, याचे ठरावीक दिवसाचे चित्र तो ताळेबंद. युरोपात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली या गणितज्ञ धर्मगुरूने १४९४ साली आपल्या ग्रंथात छापून प्रसिद्ध केली. पद्धत त्याने शोधून काढली नव्हती. व्यापारी ती आधीपासून वापरीतच होते. त्याने ती शिकविण्याजोगी करून ठेविली. शिक्षकांना त्याच्याविषयी आपुलकी वाटते ती यामुळेच.

दुहेरी नोंद म्हणजे काय, हे एका लहानशा उदाहरणाने पाहू. तुम्ही १०,००० रुपये घालून शेतीची नवी वही सुरू केली. रोकड खाती १०,००० नावे पडले, भांडवल खाती १०,००० जमा झाले. मग ९,००० रुपयांचे बियाणे दुकानदाराकडून उधार आणले: बियाणे खाती ९,००० नावे, दुकानदाराच्या खाती ९,००० जमा. आठ दिवसांनी त्यास ४,००० रुपये रोख दिले: दुकानदाराच्या खाती ४,००० नावे, रोकड खाती ४,००० जमा. आता तेरीज काढा. नावे बाजूस रोकड ६,००० आणि बियाणे ९,०००, मिळून १५,०००. जमा बाजूस भांडवल १०,००० आणि दुकानदार ५,०००, मिळून १५,०००. प्रत्येक रक्कम दोनदा, एकदा नावे व एकदा जमा लिहिली गेल्यामुळे तराजूची दोन्ही पारडी समतोल राहिली.

पारडी समतोल राहिली म्हणजे हिशेब बिनचूक झाला, असे मात्र समजू नका. एखादा व्यवहार लिहावयाचाच राहिला, किंवा खताची रक्कम बियाण्याच्या खाती गेली, तरी तेरीज जुळतेच. वार्षिक परीक्षेत तेरीज जुळली की मुले हुश्श करून उत्तरपत्रिका देऊन टाकतात, आणि आम्हांस गुण कापावे लागतात ते नेमके तेथेच.

आणखी एक घोटाळा पहिल्या वर्षी हमखास होतो. आपल्या देशी कीर्दीत जमा डाव्या हाती आणि नावे उजव्या हाती लिहितात. महाविद्यालयातील इंग्रजी धर्तीच्या खतावणीत मात्र नावेची म्हणजे डेबिटची बाजू डावी आणि जमेची म्हणजे क्रेडिटची बाजू उजवी. घरी आजोबांची वही पाहिलेला विद्यार्थी येथे गोंधळतो व आपल्याला काहीच येत नाही असे समजून गप्प बसतो. वस्तुतः त्याला इतरांहून अधिकच येत असते. बाजू पालटली तरी तत्त्व पालटत नाही: ज्याने दिले त्याच्या खाती जमा, ज्याने घेतले त्याच्या खाती नावे.

शब्दांचेही तसेच. आपल्या भागातील मराठी माध्यमाच्या मुलांपुढे दहावीनंतर हा प्रश्न उभा राहतोच. कारण पुढच्या बहुतेक वर्गांत तेलुगू किंवा इंग्रजी कानी पडते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण इकडे राहिलो; तेव्हापासून प्रत्येक पिढीने ही अडचण आपापल्या परीने सोडविली आहे. तेलुगू पुस्तकांत कीर्दीला चिट्टा, खतावणीला आवर्जा आणि तेरजेला अंकणा म्हणतात. यांपैकी आवर्जा हा शब्द जुन्या मराठी दप्तरांतही आढळतो, आणि चिट्टा ऐकून आपल्या चिठ्ठीची आठवण कोणास होणार नाही? तेव्हा तीन स्तंभांचा एक तक्ता करावा, पहिल्यात मराठी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात इंग्रजी शब्द, आणि तो वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवावा. पन्नास-साठ शब्दांत पहिल्या वर्षाची भीती निम्मी कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

आता वाटांविषयी. तेलंगणात दहावीनंतर दोन वर्षांचे इंटरमीजिएट असते. त्यात सी.ई.सी. म्हणजे नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र व वाणिज्य, आणि एम.ई.सी. म्हणजे गणित, अर्थशास्त्र व वाणिज्य, असे दोन गट आपल्या कामाचे. ज्यांना गणित आवडते त्यांनी एम.ई.सी. घ्यावे, परंतु गणितात कच्चा म्हणून वाणिज्य घेतो, असे जो म्हणतो त्याने आपली समजूत तपासून पाहावी. त्यानंतर तीन वर्षांची बी.कॉम. पदवी. आदिलाबादेतील पदवी महाविद्यालये वरंगळच्या काकतीय विद्यापीठाशी जोडलेली आहेत. ज्यांना शेती किंवा दुकान सोडून रोज वर्गात जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी हैदराबादचे डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९८२ पासून आहे. आणि मराठीतूनच शिकावयाचे असल्यास नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. अमेरिकेत अशा गरजेपोटी १९०१ साली जॉलिएट येथे दोन वर्षांचे महाविद्यालय निघाले आणि पुढे तसली कम्युनिटी कॉलेजे गावोगाव झाली: घरी राहावे, काम करावे आणि हिशेबनिशीसारखी उपयोगी विद्या थोड्या खर्चात शिकावी, हा त्यांचा हेतू. आपल्याकडे पॉलिटेक्निकमधील वाणिज्य व संगणक व्यवहाराची पदविका ह्या कल्पनेच्या जवळची आहे.

सर्वांत लांबची वाट चार्टर्ड अकाउंटंटची. ह्या व्यवसायाचा कायदा १९४९ सालचा, आणि त्याची अखिल भारतीय संस्था त्याच वर्षी १ जुलैस सुरू झाली. बारावीनंतर फाउंडेशनची चार विषयांची परीक्षा, मग इंटरमीजिएट, नंतर एखाद्या लेखापालाच्या हाताखाली दोन वर्षांची उमेदवारी आणि शेवटी अंतिम परीक्षा. परीक्षा कठीण खऱ्याच. एका दमात सर्व पार करणारे थोडे. पण बसण्यासाठी मोठ्या शहरात जन्मास यावे लागत नाही. मुलींनी एक नाव ध्यानी ठेवावे: मद्रासच्या आर. शिवभोगम. १९३३ साली त्या आपल्या देशातील पहिल्या महिला हिशेबतपासनीस झाल्या. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही सोसला होता. आजही आपल्या खेड्यांतील महिला बचत गटांच्या वह्या बहुतेक गावच्याच एखाद्या शिकलेल्या सुनेने किंवा लेकीने लिहिलेल्या असतात, आणि बँक कर्ज देते ते त्या वह्या पाहून.

वाणिज्य म्हणजे केवळ आकडेमोड नव्हे. आदिलाबादच्या एखाद्या जिनिंग कारखान्याचा विचार करा. एक क्विंटल कापसातून साधारण तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. दोन्ही विकली जातात. मग कापूस खरेदीचा खर्च रुईवर किती घालावा आणि सरकीवर किती? रुईचा भाव उतरला आणि सरकीचा चढला तर शेतकऱ्यास आज काय भाव देणे परवडेल? विजेचे बिल, पोते, मजुरी, गाठी पडून राहिल्या तर त्यांवरील व्याज, १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर, हे सारे जाणणारा मनुष्य कारखान्यास लागतो. तो नागपूर किंवा हैदराबादहूनच यावा असे काही नाही. संगणकावरील हिशेबाची आज्ञावली तीन महिन्यांत शिकता येते आणि गल्लोगल्ली तिचे वर्ग असतात. पण कोणती रक्कम नावे व कोणती जमा हे ज्याला कळत नाही, त्याला ती आज्ञावली चुकाच अधिक वेगाने करून देते.

त्या मोटारसायकलीचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ती घेतली नाही. ६८,००० रुपये पुढच्या पेरणीसाठी बँकेत ठेविले, म्हणजे व्याजी रक्कम कमी काढावी लागेल. उरलेल्यांतून मुलाची फी भरली गेली. तो आता सी.ई.सी.च्या वर्गात आहे आणि रोज बसने जातो-येतो. घरची वही त्याने सातवीतल्या धाकट्या बहिणीच्या स्वाधीन केली आहे. गेल्या रविवारी ती आमच्याकडे आली ती तक्रार घेऊनच: रोकड ऐंशी रुपयांनी कमी भरत होती. दोन पाने मागे जाऊन तिनेच ते शोधून काढले. दादाचे बसभाडे लिहावयाचे राहिले होते.