बॉडी सगळ्यात शेवटी

फोटो बघितले गं तुझे. बॉडी देखणी आहे, यात वादच नाही. पुढची मडगार्डं अशी वळली आहेत की बघत बसावं. म्हणूनच सांगतो, सगळे पैसे अजून देऊ नकोस. अर्धवट टाकलेल्या किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायच्या गाड्या, या इंग्लंडात कितीतरी गॅरेजांत धूळ खात पडल्या आहेत आणि मी पाहिलेल्या बहुतेकांची सुरुवात बॉडीपासूनच झाली होती. बॉडी घरी आली की माणूस ती चासीवर ठेवून बघतो, आत बसून बघतो, शेजाऱ्याला बोलावून दाखवतो आणि मग तिच्याच पोटाखाली शिरून महिनोन् महिने ब्रेकचे पाइप वळवत बसतो. आधी पाठ जाते, मग हौस. गाडी खाली असते, बाई. वर असतं ते नुसतं रूप. विकणाऱ्याला थोडा विसार दे, त्याच्याकडेच राहू दे म्हणावं. फायबरला गंज चढत नाही, ते काही पळून जात नाही.

आणि हो, आधी गॅरेजचं दार मोज. इथली जुनी गॅरेजं आजच्या गाड्यांसाठी बांधलेलीच नाहीत. गाडी तयार झाल्यावर दाराची चौकट काढायची वेळ येऊ नये.

आता कागद. तुला कंटाळा येणार, ठाऊक आहे, पण घोडं पेंड खातं ते इथेच. या देशात हा छंद रुजला तो कर वाचवायच्या नादात. १९५७ साली लोटस सेव्हन आली तेव्हा तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. जोडणीच्या सूचना सोबत द्यायला मनाई होती, म्हणून म्हणे गाडी खोलायच्या सूचना देत आणि लोक त्या खालून वर वाचत. १९७३ ला व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. कर गेला, वेड राहिलं. आज घरी बांधलेल्या गाडीला इथे स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, तिला आयव्हीए म्हणतात. ती पास झाल्याशिवाय नंबर नाही. कोणत्या गाडीतून कोणते भाग घेतले, चासी नवी की जुनी, यावर मिळणारा नंबर ठरतो. भागांचा पत्ता नीट लागला नाही, तर नंबर ‘क्यू’ने सुरू होतो आणि पुढे गाडी विकताना तो गळ्यात पडतो. तेव्हा पहिल्या नटाच्या पावतीपासून सगळं एका फाइलीत ठेव. जुन्या गाडीचं नोंदणीपत्र म्हणजे व्ही५सी, चासीचं बिल, कामाचे तारखेसह फोटो, सगळं. नियम बदलतात, म्हणून चासीची ऑर्डर देण्याआधी गाड्यांची नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलएचा ताजा मजकूर स्वतः वाच. किट विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

तुझा पुण्याचा भाऊ हेच तिकडे करायचं म्हणतोय, असं कळलं. त्याला सांग, आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला हात लावलेली गाडी तिथे रस्त्यावर आणता येत नाही. त्याने शेतात नाहीतर ट्रॅकवर काय ते हिंडवावं.

भाग काढायला गाडी कोणती घ्यावी? पूर्वी लोक फोर्ड एस्कॉर्ट घ्यायचे, मग सिएरा. आता एस्कॉर्टला संग्राहकांनी सोन्याचा भाव आणलाय आणि सिएरा दिसेनाशी झाली आहे. तू माझदा एमएक्स-५ घे, पहिल्या दोन पिढ्यांतली, म्हणजे १९८९ ते २००५ मधली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन. आणखी काय हवं? शिवाय ती नेमकी तिथे कुजते जिथे आपलं काही अडत नाही. दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांच्या कमानी. तिथला पत्रा गेला की एमओटीत, म्हणजे वार्षिक तपासणीत, नापास होते, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो आणि मालक पडत्या भावात काढतो. इंजिन मात्र ठणठणीत असतं.

गाडी अख्खी घे, चालू घे, आणि स्वतः चालवून घे. भंगारवाल्याकडून एकेक भाग गोळा करशील तर स्वस्त वाटेल, पण एक क्लिप, एक ब्रॅकेट, एक अर्धा इंचाचा पाइप यांच्यासाठी दर शनिवारी खेटे घालशील. चालवताना गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात अडखळतो का, इंजिन तापल्यावर तेलाचा दाब पडतो का, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का, हे लिहून ठेव. एकदा गाडी खोलली की हे कोणी सांगणार नाही. अपघातात सापडलेली मिळाली तर विम्यात तिची वर्गवारी काय ठरली ते बघ. ‘ए’ असेल तर तिचा बोल्टसुद्धा वापरायला परवानगी नाही. ‘बी’ असेल तर बॉडी चिरडायची, पण भाग काढता येतात. पुढून आदळलेली असेल तर सस्पेंशनचा हात वाकलाय का, हे सपाट काचेवर ठेवून तपास. नुसत्या डोळ्याला तो सरळच दिसतो.

खोलताना घाई नको. प्रत्येक जोडातले नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव आणि आत कागदाची चिठ्ठी. दोन्ही, कारण तेलाच्या हाताने मार्कर पुसला जातो. वायरिंग हार्नेस कापू नकोस. कितीही गुंता वाटला तरी कापू नकोस. प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लाव, ‘डावा इंडिकेटर’, ‘पंख्याचा सेन्सर’ असं मराठीत लिहिलंस तरी चालेल, आणि अख्खा उचलून बाजूला ठेव. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असते, तीही जप. नव्या चासीत ती लागते की नाही हे ठरेपर्यंत भंगारात घालायची नाही. उरलेलं सगळं विकून टाक. सीट्स, दारं, हार्डटॉप असेल तर हार्डटॉप. शहाणा माणूस निम्मी गाडी इथेच वसूल करतो.

इंजिनात हात घालू नकोस. ते चालतंय, चालू दे. पट्टा, पाण्याचा पंप, तेल-फिल्टर बदल आणि सोड. जास्त ताकदीचं वेड गाडी रस्त्यावर आल्यावर कर.

ब्रेकबाबत मात्र मी कंजुषी ऐकून घेणार नाही. कॅलिपर जुने चालतील, उघडून, नवी सीलं घालून. होज नवे. पाइप नवे, तांबे-निकेलचे, आणि त्यांची टोकं फुलवायचं हत्यार चांगल्यातलं उसनं आण. माझदाचे जोड जपानी मापाचे आहेत, इथल्या दुकानदाराला ते आधी सांग. किट कार हलकी असते. एमएक्स-५ हजार किलोच्या आसपास, तुझी गाडी कदाचित सहाशे-सातशेवर येईल. म्हणजे जुन्या स्प्रिंगा कडक पडणार, गाडी उंटासारखी उभी राहणार, आणि मागची चाकं ब्रेकला लवकर अडकणार. स्प्रिंगा नव्या लागतात, हा खर्च पहिल्याच हिशेबात धर. नायलॉक नट एकदा काढला की फेक. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं नसेल, तर सस्पेंशनजवळ येऊ देऊ नकोस. आणि टॉर्क पान्ह्याने घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढ, नटावरून थेट खालच्या पत्र्यापर्यंत. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रात्री दिवा घेऊन एक फेरी मारलीस की सगळं कळतं.

आता तुझं लाडकं फायबर. लोक त्याला खेळणं समजतात. १९६६ च्या ल माँ शर्यतीत शेवटपर्यंत टिकलेली एकमेव ब्रिटिश गाडी मिनी मार्कोस होती, फायबरच्या अंगाची आणि मिनीच्या इंजिनाची. तेव्हा त्याची चेष्टा करू नये. पण त्याला पत्र्यासारखं वागवूही नये.

जुनी बॉडी घेताना वरचा रंग बघू नको. तिच्याखाली वाक, बॅटरी घे आणि आतली खरबरीत बाजू बघ. जिथे काचेच्या धाग्यांची मॅट पांढरट, कोरडी दिसते तिथे रेझिन मुरलेलं नाही. तिथे बोट दाब, दबलं तर भाव पाड. वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर तिथे कधीतरी मार बसलाय किंवा बोल्ट जास्त आवळलाय. अशा भेगेवर नुसती लांबी फासून रंग मारला, तर पहिल्या हिवाळ्यात ती पुन्हा वर येते. भेग व्ही आकारात खरवडून काढायची, मागच्या बाजूने मॅटचे दोन थर द्यायचे, मगच पुढून जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर.

मॅट लावायची पद्धत नीट समजून घे, कारण हे हाताचं काम आहे. जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घास, अ‍ॅसिटोनने पूस. मॅटचा तुकडा कात्रीने कापू नकोस, हाताने फाड. फाडलेल्या कडेचे धागे विरळ होत जातात आणि जोड दिसत नाही. पॉलिएस्टर रेझिन घेतेस, तर नेहमीची चुरा-धाग्यांची मॅट चालते. एपॉक्सीबरोबर ती वापरू नकोस, तिच्यातला डिंक एपॉक्सीत विरघळत नाही. वजनाने मॅटच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के, आणि तो वजनकाट्यावर मोजायचा. भज्याच्या पिठासारखा डोळ्याने अंदाज नाही. अर्धा किलो रेझिनला दोन टक्के म्हणजे १० ग्रॅम. थंडी आहे म्हणून मुठीने ओतशील, तर डब्यातच धूर निघेल. खोल डब्यात मोठा घाणा कालवू नकोस, थोडं थोडं कर आणि पसरट भांड्यात कर. गॅरेज १८-२० अंशांवर हवं. नोव्हेंबरात इथे ते आपोआप होणार नाही, म्हणून तेलाचा रेडिएटर लाव. गॅसची शेगडी, उघडी ज्योत, चुकूनही नाही. रेझिनच्या वाफा पेट घेतात.

ब्रश टोचत चालव, ओढू नको. ओढलास की धागे त्याच्याबरोबर येतात. मॅट आधी पांढरी असते, रेझिन प्यायली की काचेसारखी होते आणि खालचा पृष्ठभाग दिसायला लागतो. तसं झालं की दातेरी रोलर फिरवून बुडबुडे बाहेर काढ. कडेला एखादा पांढरा ठिपका राहिला की तिथे हवा आहे, सोडू नको. थर कडक झाल्यावरही वरून चिकट लागेल. पॉलिएस्टर हवेत पूर्ण सुकत नाही, शेवटच्या थरात मेणाचं द्रावण घातलं की तो चिकटपणा जातो.

डोळ्याला चष्मा, कायम. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून पाण्याची बाटली हाताशी ठेव. घासताना तोंडावर चांगला मास्क, साधा कापडी नाही. आणि त्या दिवशीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नकोस. तुझ्या नवऱ्याच्या बनियनमध्ये काचेचे कण गेले तर त्याचे शिव्याशाप मला ऐकावे लागतील.

बॉडी चासीवर बसवताना आधी दारं लाव. दारं लावलेल्या अवस्थेत बॉडी पट्ट्या सारून सारून सरळ कर, फट सगळीकडे सारखी दिसली की मगच बोल्ट. उलट केलंस तर दारं जन्मभर अडकतील. भोक पाडताना वर चिकटपट्टी लाव, म्हणजे जेलकोट उडत नाही, आणि भोक बोल्टपेक्षा जरा मोठं ठेव. नटाखाली मोठा रुंद वायसर, आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. सीटबेल्टचा बोल्ट फायबरला नाही, चासीच्या पोलादालाच गेला पाहिजे. यात तडजोड नाही.

वायरिंगबाबत एकच गोष्ट सांगतो, बाकी तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंग असते. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, वायपरच्या मोटारीची काळी वायर वेगळी ओढून चासीला न्यायची, आणि चासीचा रंग तिथे खरवडून टाकायचा. इंडिकेटर लावल्यावर मागचा दिवा मंद लुकलुकला, तर बल्ब बदलत बसू नको. अर्थिंग शोध.

आयव्हीएला तपासनीस चालवण्याआधी बोट फिरवतो, अक्षरशः. बाहेरच्या बाजूला हाताला लागेल अशी कड २.५ मिलिमीटरच्या गोलाईपेक्षा धारदार चालत नाही. १०० मिलिमीटरचा एक गोळा असतो, तो जिथे टेकतो तिथे हा नियम. आरशाचं देठ, बॉनेटची खिट्टी, नंबर प्लेटचे स्क्रू, सगळं. वळण घेऊन स्टिअरिंग सैल सोडलं की ते आपणहून सरळ व्हायला हवं. हलक्या गाड्या इथेच अडकतात, म्हणून चाकांचा कोन आधी मोजून घे. आवाज ९९ डेसिबलच्या आत. विमा असेल आणि वेळ ठरलेली असेल, तर बिननंबरची गाडी परीक्षेपर्यंत चालवत नेता येते, ट्रेलरवर खर्च करू नकोस. सोबत रबरी कडपट्टीचं अख्खं गुंडाळं, नटांच्या प्लॅस्टिक टोप्या, दोन बल्ब आणि नळी कापायची करवत ने. किरकोळ खोट तिथल्या तिथे निघत असेल तर बरेचदा ते थांबतात. पहिल्यांदा नापास झालीस, तर कागदावर कारणं लिहून मिळतात. यादी घेऊन घरी ये, मला फोन कर.