पदवीनंतरची शाळा



दहावी, बारावी, पदवी आणि मग नोकरी. शिक्षणाचा हा रस्ता तुम्हांला माहीत आहे. पण पीएच.डी. ही मोठी पदवी मिळाल्यावरही काही जण पुन्हा शिकायला बसतात. त्यांना पोस्ट-डॉक्टरल संशोधक म्हणतात. ते एखाद्या अनुभवी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे काम करतात. त्यांना पगार मिळतो, पण नोकरी कायमची नसते. मुदत संपली की पुन्हा नवी जागा शोधावी लागते. घरची माणसे विचारतात, "अजून किती शिकणार?" या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नसते.

संगणकाच्या मदतीने सजीवांचा अभ्यास करणे, याला संगणकीय जीवशास्त्र म्हणतात. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन विदुषीचे नाव मानाने घेतले जाते.

त्यांचा जन्म १९२५ साली फिलाडेल्फिया शहरात झाला. गणितात पदवी घेतल्यावर त्यांनी १९४८ साली कोलंबिया विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली. पुढे तीन वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम केले. त्यांना दोन मुली झाल्या आणि संशोधनात काही वर्षांचा खंड पडला. विज्ञान मात्र कोणासाठी थांबत नाही. या काळात ते खूप पुढे गेले. तरीही मार्गारेटबाई मागे हटल्या नाहीत. १९५७ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या मेरीलँड विद्यापीठात शिष्यवृत्ती घेऊन दोन वर्षे पुन्हा संशोधनाला बसल्या. १९६० साली त्या एका संशोधन संस्थेत दाखल झाल्या. तिथे त्यांना आपले खरे काम सापडले.

ते काम कोणते? आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिने असतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांब माळ. या माळेतील मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. मणी मुख्यतः वीस प्रकारचे असतात. माळ लांब असल्यामुळे शास्त्रज्ञ तिचे तुकडे करून मण्यांचा क्रम शोधत. मग प्रश्न पडे, तुकडे जोडायचे कसे?

एक उदाहरण पाहा. एका पत्राच्या दोन प्रती आहेत. दोन्ही वेगवेगळ्या जागी फाटल्या आहेत. पहिल्या प्रतीचे तुकडे असे आहेत : "सकाळी गाडीने", "घरी येईल", "सलीम उद्या". दुसऱ्या प्रतीचे दोन तुकडे मिळाले : "गाडीने घरी" आणि "उद्या सकाळी". आता सारखे शब्द जुळवा. "सलीम उद्या सकाळी गाडीने घरी येईल" हे वाक्य तयार होते. तुकडे तीन-चार असतील तर हे काम सोपे आहे. पण ते पुष्कळ असतील तर माणूस महिनोन् महिने गुंतून पडतो. मार्गारेटबाई आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट लेडली यांनी १९६२ साली हे काम संगणकाकडून करून घेण्याचा कार्यक्रम मांडला. महिन्यांचे काम संगणक काही मिनिटांत करू लागला.

१९६५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह तोवर माहीत झालेल्या ६५ प्रथिनांचा संग्रह पुस्तकरूपाने छापला. संगणकात जागा कमी लागावी म्हणून प्रत्येक अमिनो आम्लासाठी तीन अक्षरांऐवजी एकच अक्षर वापरण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. ती आजही जगभर वापरतात.

अशा संग्रहाचा उपयोग काय? माळा शेजारी शेजारी ठेवल्या की सजीवांची नाती कळतात. सायटोक्रोम-सी नावाच्या प्रथिनात माणसाच्या माळेत १०४ मणी आहेत. चिंपांझीची माळ अगदी तशीच आहे. घोड्याच्या माळेत मात्र १२ ठिकाणी फरक आहे.

मार्गारेटबाई १९८३ साली वारल्या. पण माहिती जमवण्याचे काम थांबले नाही. अशा जमवलेल्या माहितीवर शिकवलेला संगणक आज प्रथिनाचा आकार कसा असेल ते सांगू शकतो. या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या महाराष्ट्रातही पुणे विद्यापीठात १९८७ पासून या विषयाचे केंद्र आहे.

आजचा तरुण संशोधक दिवसभर संगणकासमोर बसून कार्यक्रम लिहितो. एक लहानशी चूक झाली तर कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. मग तो चूक शोधतो आणि पुन्हा सुरुवात करतो.

मित्रांनो, परिस्थितीमुळे तुमच्याही शिक्षणात कधी खंड पडेल. तेव्हा "आता उशीर झाला" असे म्हणू नका. बत्तिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला बसलेल्या मार्गारेटबाईंची आठवण ठेवा.

शब्दार्थ
विदुषी – विद्वान स्त्री
खंड पडणे – मध्येच थांबणे
मुदत – ठरलेला काळ
रूढ करणे – वापरात आणणे

स्वाध्याय
१. पोस्ट-डॉक्टरल संशोधकाची नोकरी कशी असते?
२. फाटलेल्या पत्राचे उदाहरण लेखकाने का दिले आहे?
३. एक वाक्य दोन वेगवेगळ्या रीतींनी तोडा. तुकडे मित्राला द्या व जोडायला सांगा.