रे ट्रेसिंग चालू ठेवू की बंद?

प्रश्न : मी शिक्रापूरला राहतो. प्लेस्टेशन 5 घेतलाय. त्यात रे ट्रेसिंगचा खरंच उपयोग आहे का? धाकट्या भावाला फरकच दिसत नाही.

उत्तर : पाऊस पडून गेल्यावर रात्री चाकण चौकात जरा थांबा. ओल्या डांबरावर ट्रकचे दिवे लांबत जातात, दुकानाची पाटी डबक्यात उलटी दिसते. साध्या पद्धतीत गेम बहुतेकदा पडद्यावर जे आहे त्याचंच प्रतिबिंब दाखवतो. पाटी चौकटीबाहेर गेली की डबक्यातूनही पुसली जाते. रे ट्रेसिंग प्रकाशकिरणांचा माग काढतं, म्हणून ती तिथेच राहते.

पण हे फुकट मिळत नाही. सेकंदाला 60 चित्रं हवी असतील तर एका चित्राला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. ‘स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस’मध्ये 2020 साली आधी रे ट्रेसिंगसह 30च चित्रं मिळत, 60चा पर्याय नंतर आला, तोही रिझोल्यूशन कमी करून. नुसत्या प्रतिबिंबांसाठी एवढं मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट ‘मेट्रो एक्सोडस’च्या 2021च्या सुधारित आवृत्तीत सगळा उजेडच किरणांनी साकारलाय, तोही 60 चित्रांचं लक्ष्य ठेवून. तिथे मात्र डोळे निवतात.

आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ही जरूर खेळा. 2020 साली तो निनटेंडो स्विचवर आला, ज्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअरच नाही. तरी त्यातले महाल देखणे आहेत.

तेव्हा शर्यती आणि मारामारीच्या गेममध्ये 30 आणि 60 यांतून निवडायचं असेल, तर रे ट्रेसिंग बंद करा आणि 60 घ्या.