घरच्या राउटरसाठी यंत्र निवडताना

इंटरनेटची घरात आलेली एकच जोडणी मोबाइल, संगणक व दूरचित्रवाणी संच यांना वाटून देणारे यंत्र म्हणजे राउटर. तो तयार मिळतो. शिवाय एका सर्किट बोर्डावर मावणाऱ्या छोट्या संगणकावर 'ओपनडब्ल्यूआरटी' ही मोफत प्रणाली चढवून तो घरीही करता येतो. पण त्यासाठी यंत्र कोणते घ्यावे?

माळ्यावरचा जुना संगणक फुकट आहे, तोच का नको? हिशेब करू. राउटर रात्रंदिवस चालतो. जुना संगणक ६० वॅट शक्ती घेतो असे धरले, तर वर्षाचे ८,७६० तास गुणिले ६० म्हणजे सुमारे ५२६ युनिट वीज झाली. ५ वॅटच्या छोट्या यंत्राला सुमारे ४४ युनिट पुरतात. फरक ४८२ युनिटांचा! तुमच्या वीजबिलातील दराने त्याला गुणा, म्हणजे 'फुकट' संगणकाची खरी किंमत कळेल.

आता वेग पाहू. इंटरनेटवरील माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. मोठे पॅकेट १,५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे असते. जोडणीचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट असेल, तर सेकंदाला सुमारे ८,३३३ पॅकेटे येतात. एका पॅकेटासाठी १२० मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात १ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची १,२०,००० आवर्तने होतात. पॅकेट पाहून पुढे धाडायला ती भरपूर झाली. मात्र सगळीच पॅकेटे सर्वांत लहान असली, तर दोन पॅकेटांमधील सक्तीची मोकळी जागा धरूनही एकास जेमतेम ६.७ मायक्रोसेकंद मिळतात. म्हणून यंत्राच्या वेगाचा आकडा कोणत्या आकाराच्या पॅकेटांसाठी दिला आहे, ते पाहावे.

प्रोसेसर वेगवान असून भागत नाही, वाटही रुंद हवी. राउटरला दोन दारे लागतात : एक बाहेरचे, एक घरातले. २०१६ साली आलेल्या रास्पबेरी पाय ३ ला तारेच्या जाळ्याचे दार एकच होते, तेही १०० मेगाबिटांचे आणि यूएसबीच्या वाटेवर बसवलेले. दुसरे दार यूएसबीला जोडले, की येणारे व जाणारे प्रत्येक पॅकेट त्याच एका वाटेवरून जाणार! २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये दाराला स्वतंत्र वाट मिळाली. पण दार एकच राहिले. उलट २०२४ साली आलेल्या 'ओपनडब्ल्यूआरटी वन' या बोर्डावर दोन दारे मुळातच आहेत.

तिसरी गोष्ट स्मृतीची. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमची जुनी यंत्रे स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या त्यांत मावत नाहीत. राउटर हा घराचा दरवाजा आहे. सुधारणा मिळणे बंद झाले, की त्यातील उघडकीस आलेल्या फटी तशाच राहतात आणि घरातील प्रत्येक यंत्राला धोका पोहोचतो.

तेव्हा निवडीचा क्रम असा ठेवा : आधी सुधारणा मिळतात का ते पाहा, मग दारे, मग वेग, मग वीज आणि शेवटी किंमत.

करून पाहा : तुमच्या राउटरच्या अॅडाप्टरवरील 'आउटपुट'चे व्होल्ट व अँपिअर वाचा. त्यांचा गुणाकार म्हणजे जास्तीत जास्त वॅट. प्रत्यक्ष वापर त्याहून कमी असतो. त्यावरून वर्षाचे युनिट काढा आणि घरातील एका दिव्याच्या वर्षभराच्या युनिटांशी ताडून पाहा.