पाइल ठोकताना जमीन कशी हादरते

झाशीच्या जुन्या तटास जी द्वारे होती, त्यांपैकी एक खंडेराव दरवाजा होय. अशा जुन्या दगडी वास्तूजवळ नव्या इमारतीसाठी पाइल ठोकू लागल्यास तिला धोका किती, हे पुष्कळसे जमिनीवर अवलंबून असते. झाशी बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटावर वसली आहे. खडक हाताशी असला म्हणजे पाइलची गरज सहसा पडत नाही. मुंबईत मात्र अनेक ठिकाणी भराव व चिखलमाती यांच्याखाली खडक खोल असतो. इमारतीचा भार तेथवर नेण्यासाठी जमिनीत जे लांब खांब रोवतात, तेच पाइल.

तीन टनांचा घण एक मीटर उंचीवरून पडला की सुमारे ३०,००० ज्यूल ऊर्जा मिळते. पाइल खाली सरकविण्यात ती सर्व खर्ची पडत नाही; काही भाग तरंगरूपाने मातीत पसरतो. तरंग सेकंदास शेकडो मीटर धावतो. मातीचा कण मात्र जागच्या जागी डोलतो, आणि त्याचा वेग सेकंदास काही मिलिमीटरच भरतो. वास्तूची हानी ह्या कणवेगावरून अजमावतात. घणाची ऊर्जा निम्मी केली तरी कणवेग निम्मा होत नाही, सुमारे तीन-दशांशानेच घटतो. अंतर वाढविणे अधिक गुणकारी.

हेलकावे सेकंदास दहाहून कमी असता, जर्मन मानकाप्रमाणे नाजूक जुन्या वास्तूच्या पायाशी कणवेग ३ मिलिमीटरपर्यंत चालतो. राहत्या घरांस ५. माणसास मात्र अर्ध्या मिलिमीटरचा कंपही जाणवतो. तेव्हा फडताळातील भांडी वाजली म्हणजे भिंत तडकलीच, असे नव्हे. सैल वाळूची गोष्ट निराळी. तेथे सौम्य कंपानेही कण दाटून बसतात आणि पाया खचतो.

२०१७ साली मुंबईत भुयारी मेट्रोच्या कामाने आपल्या इमारतीस धक्का पोहोचतो, अशी तक्रार दादाभाई नौरोजी मार्गावरील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट ह्या जुन्या ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी उच्च न्यायालयात केली. न्यायालयाने जवळचे काम काही काळ थांबवून तज्ज्ञांचे मत मागविले. असा वाद उद्भवल्यावर भेग जुनी की नवी, हेच आधी ठरवावे लागते. म्हणून कामापूर्वीच भेगांची छायाचित्रे घेतात, त्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवितात (भेग रुंदावली की काच तुटते) आणि पायाशी कंपमापक ठेवतात.

ठोकण्याऐवजी भोक पाडून त्यात काँक्रीट ओतले तर हादरा पुष्कळच कमी होतो. मात्र खडक फोडण्यासाठी भोकात जड छिन्नी आपटावी लागली, तर कंपमापक पुन्हा पाहावा लागतो.