मोटारसायकलच्या सीटचा अडणारा खटका

नांगर व इंजिन यांस वेळेवर वंगण देण्याविषयीं शेतकरी नेहमींच दक्ष असतो. परंतु मोटारसायकलच्या सीटचा खटका बहुधा दुर्लक्षित राहतो. कित्येक गाड्यांत फ्यूज, बॅटरी व हत्यारें सीटखालींच असतात. मळ्यांतून परततांना रात्रीं दिवा गेला आणि सीट उघडेना, म्हणजे या लहानशा खटक्याची किंमत कळते.

किल्ली फिरविली असतां तारेची केबल ओढली जाते, ती खटक्याची जीभ मागें घेते व सीटच्या तळाची कडी सुटते. किल्ली सोडतांच स्प्रिंग जिभेस पूर्वस्थळीं आणते. रस्त्यावरील फुफाटा जुन्या ग्रीसवर बसून त्याचें कीट होतें, धुण्याचें पाणी आंत राहून गंज चढतो, आणि मग स्प्रिंगचें बळ पुरत नाहीं.

अडलेल्या किल्लीस जोर करूं नये. ती आंतच मोडते. एकानें सीट तळहातानें खालीं दाबून धरावी व दुसऱ्यानें किल्ली हलकेच फिरवावी. कडीवरील ताण कमी होऊन खटका पुष्कळदां सुटतो.

सीट निघाली म्हणजे दांत घासावयाच्या जुन्या ब्रशानें, थोडें रॉकेल किंवा डिझेल लावून, खटका घासावा व फडक्यानें कोरडा करावा. पेट्रोल वापरूं नये. बॅटरी शेजारींच असते. नंतर सांध्यांवर यंत्राच्या पातळ तेलाचे दोन थेंब सोडावे, आणि जीभ व कडी यांस ग्रीसचा हलका हात द्यावा. केबलच्या वरच्या तोंडांत तेंच तेल, खालून निघेपर्यंत, थेंब थेंब सोडावें. किल्लीच्या छिद्रांत मात्र ग्रीस न घालतां ग्राफाइटची कोरडी पूड फुंकावी. घरांतील खाण्याचें तेल येथें कामाचें नाहीं. खोबरेल थंडींत थिजतें. जवसाचें व करडईचें तेल वाळून चिकट साय धरतें. कचेरींतील दप्तराच्या कपाटांचीं कुलुपें याच उपायानें कायमचीं जाम झालेलीं आम्हीं पाहिलीं आहेत!

केबलचे तंतु टोकाशीं तुटूं लागले असल्यास ती तेव्हांच बदलावी. सीट बंद असतां केबल तुटली तर सीट उघडणें फार जिकिरीचें होतें. दुधाच्या किटल्या बांधून ज्यांची सीट चेपली आहे, त्यांनीं कडी वांकली आहे काय हेंही पाहावें. ती जिभेसमोर नीट येत नसेल, तर बोल्ट सैल करून किंचित सरकवावी व पुन्हा आवळावी. सीट बसविण्यापूर्वीं स्क्रूड्रायव्हरनें जीभ बंद करून किल्लीनें तीन चार वेळां उघडून पाहावी. ती दर वेळीं सहज सुटली, तरच सीट दाबून बंद करावी.